रिस्टार्ट केलं की चार दिवस बरं, मग परत तेच: लिनक्सवरून परदेशी जाणाऱ्या अपलोडचा माग

"दादा, रांग परत वाढायला लागली." रात्रपाळीच्या मुलाचा फोन आठवड्यातून एकदा तरी यायचा आणि सुरुवात याच वाक्याने व्हायची. रांग म्हणजे अमेरिकेत पाठवायच्या, पण अडकून पडलेल्या फोटोंची. मी म्हणायचो, "मशीन रिस्टार्ट कर." तो करायचा, रांग ओसरायची, आम्ही दोघं झोपायचो. असं जवळपास पाच महिने चाललं. ज्यांच्याकडे हेच घडतंय त्यांचे पाच महिने वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाकायची.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. मशीनवरून उतरलेल्या प्रत्येक जॉबचा तपासणीचा फोटो निघतो आणि तो अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ग्राहकाच्या सर्व्हरवर जातो. फोटो साधारण ३०० केबीचा. दर तीन सेकंदांना एक, म्हणजे तासाला बाराशेच्या आसपास, आणि काम तिन्ही पाळ्यांत. पाठवणारा प्रोग्राम अगदी सरळ आहे. फोटो उचलतो, नवीन कनेक्शन उघडतो, पाठवतो, पोच घेतो, कनेक्शन बंद करतो, पुढचा उचलतो. मशीनवर उबुंटू २०.०४ (लिनक्सचा एक प्रकार), कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.४, ऑफिसची लाइन ५० एमबीपीएसची.

सगळं ठीक असताना एक फोटो दोन सेकंदांच्या आत पोचतो. बिघडलं की त्याच फोटोला चार सेकंदांच्या वर लागतात. ऐकायला फरक फार मोठा वाटत नाही, पण हिशोब करा. तीन सेकंदांना एक येतोय आणि चार सेकंदांना एक जातोय, म्हणजे दर तासाला तीनशेच्या वर फोटो मागे पडतात. आठ तासांची पाळी संपेपर्यंत अडीच हजारांची थप्पी. फोटोची पोच आल्याशिवाय ग्राहकाकडून माल सोडायला परवानगी नाही, त्यामुळे गेटवर गाडी भरून उभी आणि ड्रायव्हर चहाच्या टपरीवर, हे चित्र मी खूपदा पाहिलंय.

सुरुवातीला आम्ही तेच केलं जे सगळे करतात. लाइनचा स्पीड तपासला, पूर्ण मिळत होता. इंटरनेट पुरवणाऱ्याकडे तक्रार केली, त्यांनीही तपासून लाइन ठीक असल्याचं सांगितलं, आणि ते खरंच होतं. कोणी सुचवलं की कारखान्यातल्या सगळ्या विंडोज मशीनवर सेटिंग बदला. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. कंजेशन कंट्रोल म्हणजे गर्दी बघून वेग ठरवण्याचं काम, आणि ते डेटा पाठवणाऱ्या मशीनचं कर्नल करतं. डेटा तुमच्याकडे येत असेल तर तुमच्या बाजूला अल्गोरिदम बदलून त्या डेटाचा वेग बदलत नाही, घेणाऱ्याच्या हातात फार तर रिसीव्ह बफर, म्हणजे आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा, असतो. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी डेटा कोण पाठवतंय हे नक्की करा. आमच्याकडे पाठवणारं एकच मशीन होतं.

मग मी त्या मशीनवर बीबीआर लावला. गूगलने २०१६ मध्ये आणलेला हा कंजेशन कंट्रोलचा अल्गोरिदम लिनक्समध्ये ४.९ पासून आहे. सिससीटीएल या कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने एका ओळीत क्युबिक या लिनक्सच्या नेहमीच्या अल्गोरिदमच्या जागी बीबीआर केला आणि रांग डोळ्यांदेखत ओसरली. दोन आठवडे एकही फोन नाही. मला वाटलं, सुटलं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, परत तेच. ग्राहकाच्या माणसाला मी मेलमध्ये "बीबीआर सुरुवातीला चांगला चालतो, नंतर मंदावतो" असं लिहून कळवलंसुद्धा. ते साफ चुकीचं होतं, आणि का चुकीचं होतं ते पुढे येईलच.

खरा धागा मिळाला तो क्वालिटीच्या काकांकडून. त्यांना टीसीपीशी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नियमांशी, देणंघेणं नाही, पण रांगेचा आकडा ते रोज वेळेसकट वहीत लिहितात. एकदा सहज म्हणाले, "शुक्रवारी कधी होत नाही रे हे. बघ वही." पाहिलं तर खरंच. पाच महिन्यांत एकाही शुक्रवारी सकाळी रांग नव्हती. भोसरीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे मशीन रिस्टार्ट न करता नुसतं दिवसभर गप्प बसलं तरी रोग बरा होत होता. मेमरी गळत असती किंवा डिस्क भरत असती तर गुरुवारच्या आरामाने काही झालं नसतं, कारण मशीन सुट्टीतही चालूच असतं. याचा अर्थ मशीनमध्ये कुठेतरी काहीतरी लक्षात ठेवलं जात होतं, जे रिस्टार्टने पुसलं जातं आणि काही वेळ वापर नसला तरी विसरलं जातं.

पुढच्या खेपेला मी रिस्टार्ट करू दिलं नाही. रात्री साडेअकराला बाणेरहून निघून कारखान्यात गेलो आणि आजारी मशीन आजारी असतानाच तपासलं. ज्यांना हे शोधायचंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की रिस्टार्टआधी दहा मिनिटं द्या. रिस्टार्ट केलंत की पुरावा गेला.

पहिली आज्ञा 'एसएस', तिला टी, आय आणि एन हे पर्याय. ही प्रत्येक चालू कनेक्शनच्या आत काय चाललंय ते दाखवते. व्हर्जिनियाच्या ओळीत दिसलं ते असं: अल्गोरिदम क्युबिक, आरटीटी (डेटा जाऊन पोच परत यायला लागणारा वेळ) २३० मिलिसेकंद, सीडब्ल्यूएनडी १४, एसएसथ्रेश १० (या दोन्हींचा अर्थ पुढे येतो). पुन्हा पाठवलेली पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, शून्य. आज्ञा पुन्हा पुन्हा चालवली, वीस-पंचवीस कनेक्शन पाहिली, प्रत्येकात हेच.

दोन गोष्टी खटकल्या. पहिली, बीबीआर कुठे गेला? दुसरी, एकही पॅकेट हरवलेलं नसताना नव्या कोऱ्या कनेक्शनचा एसएसथ्रेश १० का? निरोगी नव्या कनेक्शनमध्ये 'एसएस' हा आकडा दाखवतच नाही, कारण सुरुवातीला तो अमर्याद असतो.

बीबीआरचं उत्तर साधं निघालं. मी तो फक्त चालू कर्नलमध्ये बदलला होता, फाइलमध्ये लिहिला नव्हता. मधे एकदा वीज गेली, यूपीएसने दम सोडला, मशीन बंद होऊन चालू झालं आणि क्युबिक परत आला. रिस्टार्ट झाल्यामुळे त्यानंतरही काही दिवस सुरळीत गेले. म्हणून आम्हाला वाटलं बीबीआर चालतोय आणि मग थकतोय. प्रत्यक्षात मंदावला तेव्हा तो तिथे नव्हताच.

आता एसएसथ्रेश. हे नीट समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबतो.

१९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कले विद्यापीठ यांच्यातल्या दुव्याचा वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटवर कोसळला. हजार नाही, नुसते ४०. सगळी मशीन हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा ओतत होती आणि गर्दी आणखी वाढवत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर जो उपाय मांडला तो आजही प्रत्येक कर्नलच्या मुळाशी आहे. कनेक्शन उघडलं की थोडी पॅकेट सोडायची, पोच आली की दुप्पट, मग चौपट. याचं नाव स्लो स्टार्ट, पण वाढ दुपटीची असल्याने ती भलतीच वेगवान असते. पोच न येता एका दमात किती पॅकेट बाहेर असू शकतात ती मर्यादा म्हणजे कंजेशन विंडो, तीच सीडब्ल्यूएनडी. एसएसथ्रेश ही रेघ. विंडो त्या रेघेपर्यंत दुपटीने वाढते, रेघ ओलांडली की जपून, हळूहळू. पॅकेट हरवलं की कर्नल ही रेघ खाली आणतं: "मागच्या वेळी इथे ठेच लागली होती, इथून पुढे सांभाळून."

हे एका कनेक्शनपुरतं झालं. पण लिनक्स आणखी एक पाऊल पुढे जातं. कनेक्शन बंद होताना ते त्या पत्त्याची आरटीटी, विंडो आणि एसएसथ्रेश एका तक्त्यात टिपून ठेवतं आणि त्याच पत्त्यावर पुढचं कनेक्शन उघडलं की तिथून वाचतं. याला टीसीपी मेट्रिक्स म्हणतात. 'आयपी टीसीपी_मेट्रिक्स शो' ही आज्ञा दिली आणि व्हर्जिनियाच्या पत्त्यापुढे लिहिलेलं दिसलं: एसएसथ्रेश १०. चोर सापडला.

१० हा आकडा का घातक, ते बघा. लिनक्समध्ये २.६.३९ पासून, म्हणजे २०११ पासून, विंडो १० पॅकेटपासून सुरू होते. रेघही १० वर असेल तर स्लो स्टार्टला जागाच उरत नाही. कनेक्शन जन्मतःच जपून चालायला लागतं. ३०० केबीचा फोटो म्हणजे सुमारे २०७ पॅकेट. निरोगी कनेक्शनमध्ये १०, २०, ४०, ८० अशा उड्या मारत तो पाच फेऱ्यांत (एक फेरी म्हणजे एक आरटीटी) जातो. कनेक्शन उघडणं आणि एनक्रिप्शनची बोलणी यांच्या तीन फेऱ्या धरल्या तर आठ, आणि आठ गुणिले २३० मिलिसेकंद म्हणजे १.८४ सेकंद. आजारी कनेक्शनमध्ये क्युबिकची विंडो दर फेरीला साधारण ५ टक्क्यांनी वाढते, कारण पुढे किती वाव आहे हे त्याला ठाऊक नसतं. १०, साडेदहा, अकरा अशा चालीने २०७ पॅकेट जायला पंधरा फेऱ्या लागतात. आधीच्या तीन धरून अठरा. अठरा गुणिले २३० म्हणजे ४.१४ सेकंद. माझ्या घड्याळात दिसत होतं तेवढंच.

आणि हे आपोआप बरं का होत नाही? कनेक्शन बंद होताना कर्नल तक्त्यात नवी रेघ लिहितं ती विंडोच्या निम्मी किंवा जुनी रेघ, यांतली जी मोठी ती. फोटो संपतो तेव्हा विंडो जेमतेम २० वर पोचलेली असते. तिचे निम्मे १०. रेघ पुन्हा १०. फोटो मोठे असते, दोन-पाच एमबीचे, तर विंडो बरीच वाढली असती, रेघ वर सरकली असती आणि काही कनेक्शनांतच रोग गेला असता. आमच्या फोटोचा आकार नेमका असा की रेघ जिथल्या तिथे.

गुरुवारचं कोडंही इथेच सुटतं. तक्त्यातली नोंद तासभर ताजी झाली नाही तर कर्नल ती जुनी समजून टाकून देतं. पण तीन पाळ्यांत तासभर शांतता मिळणार कधी? उलट रांग वाढली की प्रोग्राम एका क्षणाचीही उसंत घेत नाही, नोंद सतत ताजी होत राहते. आजार स्वतःलाच पोसत होता, फक्त सुट्टीच्या दिवशी उपाशी राहायचा.

एवढ्यावर विश्वास ठेवून मी थांबलो नाही, तुम्हीही थांबू नका. घरी ५.४ चंच एक जुनं मशीन होतं. त्यावर 'टीसी' या आज्ञेच्या 'नेटएम'ने, जे नेटवर्कचा बिघाड मुद्दाम घडवून दाखवतं, २३० मिलिसेकंदांचा उशीर लावला आणि तेवढ्याच आकाराच्या फाइली एकामागून एक पाठवायला लावल्या. प्रत्येकी दोन सेकंदांच्या आत. मग मिनिटभरासाठी ५ टक्के पॅकेट हरवायला लावली आणि ते काढून टाकलं. आता वाट अगदी स्वच्छ, एक पॅकेट हरवत नाही, तरी पुढची प्रत्येक फाइल चार सेकंदांच्या घरात. अर्धा तास तसंच चालू ठेवलं, काही फरक नाही. 'आयपी टीसीपी_मेट्रिक्स फ्लश' म्हणालो, म्हणजे तक्ता पुसला, आणि पुढचीच फाइल दोन सेकंदांच्या आत. मिनिटभराचा त्रास आणि दिवसभराची शिक्षा, हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेल्या लॅपटॉपवर स्पष्ट दिसलं.

तात्पुरता उपाय दोन आज्ञांचा, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी सिससीटीएलने 'नेट डॉट आयपीव्ही४ डॉट टीसीपी_नो_मेट्रिक्स_सेव्ह' ची किंमत १ करा, म्हणजे नवीन नोंदी होणं थांबेल. मगच तक्ता फ्लश करा. नुसतं सेटिंग बदललं तर नवीन लिहिणं थांबतं, पण आधी लिहिलेलं वाचणं चालूच राहतं. नुसतं फ्लश केलं तर चार दिवसांनी परत फोन.

कायमस्वरूपी करायचं तर 'ईटीसी'मधल्या 'सिससीटीएल डॉट डी' या फोल्डरमध्ये फाइल ठेवा. त्यातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर शेवटी वाचलेलं टिकतं. म्हणून नावाच्या सुरुवातीला ९० किंवा ९५ घाला. 'सिससीटीएल'ला 'सिस्टिम' हा लांब पर्याय दिला की कोणती फाइल कोणत्या क्रमाने वाचली ते छापून येतं, ते नजरेखालून घाला. आणि मशीन मुद्दाम एकदा रिस्टार्ट करून किंमत पुन्हा वाचा. माझा बीबीआर जसा विजेबरोबर गेला तसं तुमचं होऊ नये.

ज्यांचं कर्नल ५.६ किंवा त्यापुढचं आहे त्यांना हा विशिष्ट त्रास सहसा होणार नाही. तिथे 'टीसीपी_नो_एसएसथ्रेश_मेट्रिक्स_सेव्ह' नावाचं वेगळं सेटिंग आलं आणि ते मुळातच १ असतं, म्हणजे बाकीच्या नोंदी होतात पण रेघ जपून ठेवली जात नाही. पण कारखान्यांत, दवाखान्यांत, शाळांत जुनी कर्नल वर्षानुवर्षं चालतात. तुमचं कोणतं ते 'यूनेम'ला आर पर्याय देऊन बघा.

एक फसवी जागा. पाठवणारा प्रोग्राम डॉकरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये), चालत असेल तर मेट्रिक्सचा तक्ता त्या कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये, असतो. बाहेर, होस्ट मशीनवर तक्ता रिकामा दिसेल आणि तुम्ही म्हणाल इथे काही नाही. 'एनएसएंटर' या आज्ञेने आत शिरून बघा. सेटिंगही आतूनच वाचा, बाहेरचं आत लागू झालं असेल असं गृहीत धरू नका.

इथवर रांग थांबली. पण मुळात पॅकेट हरवली का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. काकांची वही पुन्हा काढली. बिघाड सुरू व्हायचा तो बहुतेक वेळा दुपारी चारच्या सुमारास. त्या वेळी डिझाइनवाले दिवसभराची मोठी ड्रॉइंग आणि व्हिडिओ एकदम वर चढवतात. ५० एमबीपीएसची लाइन तुडुंब भरते, राउटरची रांग ओसंडते आणि शेवटून येणारी पॅकेट टाकली जातात. त्यात आमच्या फोटोंची बिचारी दहा-वीस पॅकेट सापडायची. आमचा राउटर लिनक्सवरच चालतो, म्हणून त्याच्या बाहेरच्या पोर्टवर 'केक' ही रांग-व्यवस्था लावली, जी लिनक्समध्ये ४.१९ पासून आहे, आणि वेग ४५ एमबीपीएसवर बांधला. लाइनच्या वेगापेक्षा थोडं कमी ठेवायचं कारण असं की रांग पुरवठादाराच्या अज्ञात डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागावी, जिथे तिला शिस्त लावता येते. केक प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतं, म्हणून एकाच्या मोठ्या फाइलमुळे दुसऱ्याची छोटी पॅकेट चिरडली जात नाहीत. जुन्या कर्नलवर केक नसेल तर 'एफक्यू_कोडेल' घ्या. पण त्याला स्वतःला वेग बांधता येत नाही, वर 'एचटीबी' लावून मर्यादा घालावी लागते.

पॅकेट न हरवताही रेघ खाली येऊ शकते, हेही सांगून ठेवतो. क्युबिकमध्ये हायस्टार्ट नावाची सोय आहे. स्लो स्टार्ट चालू असताना पोच यायला उशीर होऊ लागला की ती म्हणते रांग भरतेय, आणि तिथेच दुप्पट होणं थांबवून रेघ मारते. वायफाय किंवा मोबाइल डेटावर उशीर मुळातच खालीवर होत असतो, तिथे ती उगाच लवकर थांबू शकते. 'सिस'खालच्या 'मॉड्यूल', 'टीसीपी_क्युबिक', 'पॅरामीटर्स' या फोल्डरमध्ये 'हायस्टार्ट' नावाची फाइल आहे, तिथे ० लिहून तुलना करता येते. तारेच्या लाइनवर मी तिला हात लावत नाही, तिथे ती उपयोगाचीच आहे.

यानंतर खरी सुधारणा झाली ती प्रोग्राममध्ये. दर फोटोला नवीन कनेक्शन उघडायची गरजच काय? आम्ही ज्यांच्याकडून तो प्रोग्राम करून घेतला त्यांनी कनेक्शन उघडंच ठेवण्याची सोय दोन दिवसांत करून दिली. पण नुसत्या त्याने अपेक्षेइतका फायदा झाला नाही, कारण दोन फोटोंच्या मधे दोन-अडीच सेकंद जातात आणि कनेक्शन एवढं गप्प राहिलं की लिनक्स विंडो पुन्हा १० वर आणतं. ते थांबवायला 'टीसीपी_स्लो_स्टार्ट_आफ्टर_आयडल' ची किंमत ० करावी लागते. ती केल्यावर फोटो अर्ध्या सेकंदाच्या आसपास जायला लागला. यात एक धोका आहे. मोठी विंडो शिल्लक असताना दीड-दोनशे पॅकेट एका झटक्यात बाहेर पडतात आणि वाटेतला लहान बफर भरू शकतो. म्हणून पाठवणाऱ्या मशीनच्या नेटवर्क कार्डावर 'एफक्यू' ही रांग-व्यवस्था लावा, ती पॅकेट अंतर राखून सोडते. इथेही बरेच जण फसतात: 'डिफॉल्ट_क्यूडिस्क' हे रांग-व्यवस्थेचं सेटिंग बदलून आधीपासून चालू असलेल्या कार्डावर परिणाम होत नाही. 'टीसी क्यूडिस्क रिप्लेस' ने प्रत्यक्ष बदलावं लागतं, नाहीतर रिस्टार्ट.

मग बीबीआरच का ठेवला नाही, असं मला दोघातिघांनी विचारलं. बीबीआर स्लो स्टार्टची ही रेघ पाळतच नाही. तो वाटेचा वेग आणि कमीत कमी उशीर स्वतः मोजतो आणि त्यावर चालतो. म्हणून तो लावताच त्रास नाहीसा झाला होता. पण तो लपला होता, गेला नव्हता, आणि सेटिंग उडताच जसाच्या तसा समोर आला. दुसरं म्हणजे बीबीआरची पहिली आवृत्ती पॅकेट हरवण्याकडे जवळजवळ लक्ष देत नाही. एकाच लाइनवर ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंग आणि इतरांचे क्युबिकवाले अपलोड असताना, त्यातही राउटरचा बफर लहान असेल तर, तो दुसऱ्यांची जागा खातो. ज्यांच्या लांबच्या वाटेवर गर्दी नसतानाही पॅकेट गळतात त्यांनी तो जरूर लावावा, त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) बूटच्या वेळी चढेल याची व्यवस्था करावी, आणि चालू कनेक्शन बदलत नाहीत, नवीन उघडणाऱ्यांनाच नवा अल्गोरिदम मिळतो हे लक्षात ठेवावं. आमच्या वाटेवर तशी गळती नव्हती.

बफरबद्दल थोडक्यात, कारण वेग मंदावला की कोणीतरी ६४ एमबीच्या बफरची यादी पाठवतोच. लाइनचा वेग गुणिले आरटीटी करा. आमचे ५० एमबीपीएस गुणिले ०.२३ सेकंद म्हणजे सुमारे १.४ एमबी. लिनक्सचा पाठवण्याचा बफर मुळातच ४ एमबीपर्यंत वाढतो, तेव्हा आम्हाला काही वाढवायची गरज नव्हती आणि आम्ही वाढवला नाही. तुमची लाइन १ जीबीपीएसची असेल आणि एकच मोठी फाइल एकाच कनेक्शनवरून जात असेल तर तोच गुणाकार २९ एमबीच्या घरात जातो, तिथे 'टीसीपी_डब्ल्यूमेम'चा (पाठवण्याच्या बफरचा) तिसरा, म्हणजे कमाल मर्यादेचा, आकडा आणि पलीकडच्या मशीनवर 'टीसीपी_आरमेम'चा (घेण्याच्या बफरचा) तिसरा आकडा वाढवावाच लागतो. अंदाजाने करू नका. 'एसएस'च्या त्याच ओळीत 'एसएनडीबफ_लिमिटेड' दिसलं तर आपला बफर अपुरा, 'आरडब्ल्यूएनडी_लिमिटेड' दिसलं तर पलीकडचा. दोन्ही नसतील तर बफर वाढवून काही मिळणार नाही.

आरटीटी अधूनमधून मोजत राहा, ती स्थिर नसते. पुण्याहून व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंदांच्या खाली कोणीच जाऊ शकत नाही. बाकीचे शंभर आम्ही समुद्रातल्या वळणांना आणि मधल्या राउटरना देतो. २०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी बरीच वाहतूक दुसऱ्या मार्गांवर वळवावी लागली होती. मार्ग बदलला की फेरी लांबते आणि वरचे सगळे हिशोब त्या प्रमाणात बदलतात. अशा वेळी सेटिंगमध्ये चूक शोधत बसू नका, आधी पिंगने आरटीटी बघा.

आता त्या मशीनवर दर दहा मिनिटांनी व्हर्जिनियाच्या कनेक्शनची 'एसएस'ची ओळ आणि मेट्रिक्सचा तक्ता एका फाइलमध्ये लिहिला जातो. रात्रपाळीच्या मुलाला मी ती फाइल उघडून एसएसथ्रेश कुठे बघायचा ते दाखवलंय. परवा त्याचा फोन आला तो कॅमेऱ्याची केबल सैल झाल्याचा होता.